खाल्लं म्हणजे काय?

मे महिन्यात नात हैदराबादहून आली. साडेसहा वाजत आले होते, उन्हं समोरच्या गच्चीच्या कठड्यावर चढली होती आणि ही बाई मोबाइल घेऊन झोपाळ्यावर लोळत पडली होती. मी तिसऱ्यांदा म्हणाले, "अगं, दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊन घे." तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "आज्जी, डोकं नक्को खाऊ."

हा 'नक्को' हैदराबादचा. तिकडच्या दखनी बोलीनं आपलाच 'नको' कधीकाळी उचलला, त्याला एक क जास्तीचा लावला, आणि आता माझी नात तो जास्तीचा क घेऊन बेळगावला परत आली. राग यायच्या ऐवजी मला हसूच आलं. आमच्या घरात कांदा येत नाही, लसूण येत नाही, बटाटा येत नाही. पाणी गाळल्याशिवाय पिववत नाही. चातुर्मास लागला की पालेभाजीसुद्धा बंद. अशा घरात बसून ही पोर मला सांगते, डोकं खाऊ नकोस म्हणून!

"मग काय खाऊ ते तरी सांग," मी म्हणाले.

"भाव खा," ती म्हणाली.

आता यावर काय बोलणार? पण मग ती जेवायला आली, आणि जेवताना आमचा एक खेळच सुरू झाला. तिनं मोबाइलमध्ये लिहून घ्यायला सुरुवात केली. मी सांगायचं, तिनं लिहायचं. मार खाणे, बोलणी खाणे, शिव्या खाणे, लाच खाणे, हवा खाणे, आपटी खाणे, गटांगळ्या खाणे, हेलकावे खाणे, कच खाणे, हाय खाणे, खार खाणे, दात-ओठ खाणे. भात संपेपर्यंत एक्केचाळीस झाले. त्यात माझे किती आणि तिचे किती यावरून पुन्हा वाद. 'फुटेज खाणे' तिनं घातलं. ते मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष लागावं म्हणून उगाच मध्ये मध्ये करणं म्हणजे फुटेज खाणं, असं तिनं मला समजावलं. मी म्हणाले, अशी आमच्या महिला मंडळात दोघी-तिघी आहेत, पण त्याला असं नाव आहे हे माहीत नव्हतं.

तुम्ही कधी नीट लक्ष देऊन बघा, स्वयंपाकघरात तर आपण जेवायच्या आधीच सगळे जण खात असतात. वांगी तेल खातात. जुनी कणीक पाणी जास्त खाते, नवी कमी. पुरणपोळी तूप किती खाते हे तिला विचारूनच ठरवावं. कोरी भिंत पहिल्या हातात नुसता रंग खाते. शिंपी सांगतो, शिवणीत दोन बोटं कापड खाल्लं जाईल, सव्वा दोन मीटर आणा. दाराची कडी गंजानं खाल्ली, लाकूड वाळवीनं खाल्लं, आणि नातीच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या फोनमधलं कसलंसं अ‍ॅप सगळी बॅटरी खातं. लहानपणी आम्ही जमिनीवर खडूनं पट आखून सोंगट्या खेळायचो. "तुझी सोंगटी खाल्ली!" असं ओरडल्याशिवाय त्या खेळाला चवच नव्हती. आज्जी बस्तीतून येताना ऐकायची आणि म्हणायची, "खाल्ली म्हणू नये गं, उचलली म्हणावं." तिच्यासाठी आम्ही दोन दिवस 'उचलली' म्हणायचो. तिसऱ्या दिवशी पुन्हा खायला लागायचो.

सगळ्यात मौज मला 'माती खाणे'ची वाटते. एखाद्यानं सोपं काम बिघडवून ठेवलं की पोरं म्हणतात, "शेवटी माती खाल्लीच." म्हणजे आम्ही मातीखालचं काही खायचं नाही, कंदमूळ वर्ज्य, पण माती मात्र खुशाल खायची! आणि 'भाव'. बस्तीत सांगतात, द्रव्य थोडं असलं तरी चालेल, भाव शुद्ध ठेवा. बस्तीबाहेर पाऊल टाकलं की तेच आम्ही भाव खायला मोकळे. शब्द तोच, अर्थ दोन, दारही एकच.

आणि मांडे. 'मनात मांडे खाणे' हे साऱ्या मराठीत बोलतात, पण ज्यांनी मांडा कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही त्यांनी तो खाल्ला तर मनातच खाल्ला असणार. आम्ही बेळगावची माणसं. आम्हाला तो खरोखरीचा ठाऊक असतो. उपड्या घातलेल्या तापल्या कढईवर हातभर रुंद, कागदासारखी पातळ पोळी टाकायची, आत पिठीसाखर, खवा, तूप, आणि गरम आहे तोवरच घडी घालायची. ही घडी सगळ्यांना जमत नाही. लग्नाच्या रुखवतात मांडे नसले तर आमच्याकडे आजही बायका एकमेकींकडे बघतात. माझं सगळं लहानपण मांड्यांच्या गावात गेलं, पण घरात मांडे यायचे ते लग्नकार्यालाच. एरवी आम्हीही मनातच खायचो. मांड्यांकडे मी शेवटी परत येणार आहे.

शब्दकोश काढून बघितला. संस्कृतात धातू खाद् आहे. प्राकृतात येईतो त्यातला द कुणीतरी खाल्ला आणि 'खा' एवढंच उरलं. खाण्याच्या शब्दातलंच अक्षर खाल्लं जावं, हे मला फार आवडलं. बाकी दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त (1932 ते 1938, सात खंड) बघायचं तर चष्मा आणि दुपार दोन्ही मोकळी हवीत.

हे काही मराठीपुरतं नाही. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत मराठी, अर्ध्या घरांत कन्नड, आणि आमच्यासारख्या पुष्कळ घरांत वर मराठी नि चुलीशी कन्नड. कन्नडमध्ये खाणं म्हणजे 'तिन्नु'. डोकं तिथंही खातात. "तली तिन्नब्याड," असं माझी मोठी काकी काकांना रोज एकदा तरी म्हणायची. मार खातात, पैसे खातात. बडोद्याला दिलेली माझी धाकटी बहीण सांगते, तिकडे गुजरातीतही माथं खातात, भाव खातात. हिंदीत तर खातातच. सगळीकडची माणसं बोलताना एवढं खातात, मग उपवास नेमका कशाचा करायचा, असं एकदा मी बस्तीतल्या स्वाध्यायात विचारलं होतं. विचारून मीच बोलणी खाल्ली.

एक मात्र खरं, आमच्या घरात शब्दाशब्दाची पायरी ठरलेली होती. पोरं खातात, मोठी माणसं जेवतात, आणि महाराज आहार घेतात. मी सहा-सात वर्षांची असताना गावात मुनिमहाराज आले होते. मी दारातून आत येऊन विचारलं, "महाराज जेवले काय?" आज्जीनं तोंडावर हात ठेवला. "आहार झाला काय, असं म्हणावं." उभ्यानं, हाताच्या ओंजळीत, दिवसातून एकदाच. मध्येच अन्नात केस निघाला, एखादा जीव दिसला, की तिथंच थांबायचं. पुढचा घास नाही, त्या दिवशी पुन्हा पाणीही नाही. त्याला अंतराय म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आमची यादी. एक्केचाळिसाव्या नंबरावर नातीनं मला अडवलं. मी 'मार खाणे' सांगताना एक वाक्य बोलून गेले होते. शहापुरात आमच्या शेजारी मागावर काम करणारं एक कुटुंब होतं. दिवसभर मागांची खटखट. त्या घरातली बाई पहाटे नळावर भेटली की आईला म्हणायची, "रात्री मार खाल्ला बघा, वहिनी." ज्या आवाजात 'रात्री भाकरी खाल्ली' म्हणावं त्या आवाजात. आई तिच्या घागरीखाली हात द्यायची, आणि दोघी पुढच्या गोष्टीवर जायच्या.

नात म्हणाली, "पण मारलं कुणी?"

"म्हणजे? नवऱ्यानं."

"ते वाक्यात नाहीये, आज्जी. 'तिनं मार खाल्ला.' कर्ता तीच. जसं काही तिनंच काहीतरी केलं."

ती नववीत आहे. शाळेत त्यांना कर्ता-कर्म चाललंय. तिनं ते अभ्यासासारखंच म्हटलं आणि ताक प्यायला लागली. मी मात्र तिथंच राहिले. पासष्ट वर्षं मराठी बोलतेय, हे मला कधी सुचलं नव्हतं. तिनं बोलणी खाल्ली. तिनं खस्ता खाल्ल्या. तिनं शिव्या खाल्ल्या. आपल्या भाषेत बाई एवढं खाते, आणि वाढणारा वाक्यात कुठेच नाही! आणि दुसऱ्या बाजूला: त्यानं पैसे खाल्ले. वाक्याची घडण अगदी तीच. ज्यानं चोरलं तोही खातो, ज्याला मारलं तोही खातो. ऐकणाऱ्यानं ओळखायचं, यातलं कुठलं घेतलं आणि कुठलं माथी मारलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नातीमुळे नव्हे, अण्णांमुळे.

1974 साली मी नववीत होते. अण्णा खडेबाजारातल्या एका साड्यांच्या पेढीवर हिशेबनीस होते. अक्षर मोत्यासारखं. कीर्दीत एक खाडाखोड दिसायची नाही. म्हणूनच समाजाच्या एका संस्थेनं (नाव सांगत नाही, आज तिथं सगळी नवी माणसं आहेत) त्यांना खजिनदार केलं होतं. पगार नव्हता. संध्याकाळी पेढीवरून येताना तिथं तासभर बसायचं, पावत्या बघायच्या, शिल्लक मोजायची, कुलूप लावायचं. अण्णांना त्याचा अभिमान होता, पण तो ते दाखवत नसत. भाव खाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्या वर्षी इमारतीचं काम चाललं होतं, आणि वर्षाच्या हिशेबात 1,350 रुपये कमी आले. अण्णांच्या साडेचार महिन्यांच्या पगाराइतके. अण्णा म्हणाले, गवंड्याला द्यायची उचल म्हणून ही रक्कम दुसऱ्या एका पदाधिकाऱ्यांनी माझ्याकडून नेली, सहीची चिठ्ठी आहे. चिठ्ठी शोधली. सापडली नाही. त्या पदाधिकाऱ्यांना नीटसं आठवत नव्हतं. 'नेली नाही' असंही ते म्हणाले नाहीत, 'नेली' असंही म्हणाले नाहीत. सभेत कुणी आरोप केला नाही. ठराव झाला की पुन्हा तपासावं. एवढंच.

आणि मग बस्तीच्या पायऱ्यांवर तो शब्द निघाला. चोरले नव्हे, लांबवले नव्हे, अफरातफर तर नव्हेच. "खाल्ले म्हणे." कन्नड घरांत, "रोक्क तिंदान." आमच्या समाजात या शब्दाला आणखी एक धार आहे, ती बाहेरच्यांना कळायची नाही. देवापुढे वाहिलेलं आम्ही खात नाही. प्रसाद म्हणून तोंडात टाकायची आमच्यात रीत नाही. ते निर्माल्य, आणि निर्माल्य खाणं म्हणजे मोठं पाप. संस्थेतला पैसा दानाचा. तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी दुसरीला सांगितलं, आणि ते आमच्या आज्जीच्या कानावर पडेल अशा बेतानं सांगितलं, की निर्माल्य खाल्लेलं पचत नसतं.

मला शाळेत कळलं. मधल्या सुट्टीत एकीनं सांगितलं, वाईट हेतूनं नव्हे, बातमी म्हणून. घरी येऊन मी कुणालाच बोलले नाही. पण धाकटी पाच-सहा वर्षांची होती. तिनंही कुठूनतरी ऐकलं होतं. संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो, भाकरी आणि दोडक्याची भाजी होती, आणि तिनं अगदी खरं वाटून विचारलं, "अण्णा, नोटा कशा लागतात?"

अण्णांना आधी कळलंच नाही. "कशा म्हणजे?"

"खाताना. कडू लागतात काय?"

अण्णांच्या हातातला घास ताटात खाली गेला. ते रागावले नाहीत. तिच्याकडे बघून जरासं हसायचा प्रयत्न केला असावा, तो जमला नाही. मग तांब्या घेऊन बाहेर गेले आणि हात धुतले. आज्जी म्हणाली, "ताट तसंच टाकून काय उठतोस?" आई ताट उचलता उचलता हळूच म्हणाली, "अंतराय झाला, अत्ती."

त्या दिवसापासून अण्णा एकदाच जेवायला लागले. दुपारी पेढीवर डबा, तोही अर्धा परत. आईनं विचारलं, नियम घेतलाय काय? ते म्हणाले, नियम कसला, भूक नाही. पण एकदा मी पाणी द्यायला गेले तेव्हा ते आईला सांगत होते, "कुणी म्हणायला नको, खाऊन खाऊन कसा सुटलाय बघा." अण्णा मुळात काठीसारखे होते. सुटणार काय?

आई काय करत होती? आई नळावर जात होती, बस्तीत जात होती, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर जात होती, नाही आलं तर घरी बसत होती. अण्णा कधी रात्री उठून बसले की म्हणायची, "जरा गम खावा." हा तिचा लाडका शब्द. गम म्हणजे दुःख, उर्दूतून आपल्याकडे आलेला. दुःख खायचं आणि गप्प बसायचं, याला आपण मराठीत धीर धरणं म्हणतो. तिनं तो शब्द इतक्या सहज वापरला की मला तो तिच्या माहेरच्या कन्नडातलाच वाटायचा.

त्या चातुर्मासात गावात महाराज होते. आमच्या गल्लीतल्या घरांनी एकेका दिवशी चौका लावायचा ठरलं, आमचाही दिवस आला. कुणी नको म्हणालं नाही. आईनं पहाटे आडाचं पाणी शेंदलं, ओलेत्यानं स्वयंपाक केला, दारात चौक पूरला. आज्जीनं तूप स्वतः कढवलं. अण्णा पंचा नेसून, हातात कळश आणि त्यावर नारळ घेऊन दारात उभे राहिले. मी आणि आई मागे. महाराज गल्लीच्या तोंडाशी दिसले. दोन-तीन घरांपुढून आले, आमच्या दारापुढे आले, क्षणभर थांबल्यासारखे वाटले, आणि पुढे गेले.

यात काही नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आताही आहे. महाराज बस्तीतून निघताना मनाशी काहीतरी धरून निघतात: अमुक वस्तू दिसली, अमुक तऱ्हेनं कुणी उभं असलं तर थांबेन, नाहीतर नाही. ते कुणाला सांगत नाहीत. कधी कधी चांगल्या चांगल्या घरांपुढून जातात, कधी आहार न घेताच परततात. यजमानाच्या पापपुण्याचा निवाडा तो नव्हे. पण गल्लीला त्या दिवशी निवाडाच हवा होता. समोरच्या घराच्या खिडकीतला पडदा हलला तो मी बघितला.

अण्णा दहा वाजेपर्यंत कळश घेऊन तसेच उभे होते. मग आई पुढे गेली, त्यांच्या हातातून कळश घेतला आणि म्हणाली, "चला. आपलं आपण खाऊया."

त्या दिवशीचा स्वयंपाक मला अजून आठवतो. मूग, दुधी, भात, तूप, गूळ घातलेली खीर. आई सगळ्यांच्या आधी स्वतःचं ताट वाढून घेऊन बसली. असं तिनं त्याआधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केल्याचं मला आठवत नाही. तिनं खाल्लं म्हणून अण्णांनी खाल्लं. दुपारचे बारा वाजले होते. कुणी काही बोललं नाही, आणि खीर उरली नाही.

चिठ्ठी सापडली माघात. हिशेब तपासायला आलेल्या ऑडिटरनं मागल्या वर्षाची फाइल सोडून बघितली, त्यात विटांच्या बिलामागे टाचणीनं लावलेली होती. तारीख, रक्कम, सही, सगळं. फायलीत कुणी लावली, मुद्दाम की चुकून, हे कुणी विचारलं नाही. अण्णांनीही नाही. सभा झाली. अण्णा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "सगळ्यांसमोर सांगितलं त्यांनी. हिशेबानं मेळ खाल्ला म्हणून."

आई भाकरी थापत होती. थापायची न थांबता म्हणाली, "बरं झालं. शेवटी मेळानं खाल्लं म्हणायचं."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या वर्षात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्या परत केल्या आणि राजीनामा दिला. लोकांनी फार आग्रह केला, म्हणे. पण पायऱ्यांवर बसून जो शब्द बोलला गेला होता, तो पायऱ्यांवर बसून कुणी परत घेतला नाही. 'अण्णांनी खाल्ले नव्हते बरं का' असं कुणी कुणाला सांगितल्याचं आमच्या कानावर आलं नाही. ती म्हातारी बाई पुढे आमच्याकडे पापड लाटायला यायची. आई तिला चहा द्यायची. मी विचारलं तर म्हणाली, "तिलाही कुणीतरी सांगितलंच असेल की."

मी मात्र अजून खार खाऊन आहे. हे मी आज पहिल्यांदाच लिहून देतेय. मनातून जात नाही. आईसारखा गम मला खाता येत नाही.

हे सगळं मी नातीला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, झोपाळ्यावर. तिनं मोबाइल बाजूला ठेवला होता. सांगून झाल्यावर विचारलं, "मग पणजोबांनी कधी काहीच खाल्लं नाही?" म्हणजे तिला काय विचारायचं होतं देव जाणे. पण मी उठले आणि अण्णांच्या छोट्या वह्या काढल्या.

अण्णा 1998 मध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत या खिशातल्या वह्या होत्या, वर्षाला एक. संस्थेच्या त्या प्रकरणानंतर त्यांनी घरचा पै-पैचा हिशेब लिहायला सुरुवात केली होती, जणू कुणी ऑडिटर आमच्याही घरी येणार होता. दूध, रॉकेल, वीज, फी, बसचं तिकीट. आणि दर दोन-तीन दिवसांनी एक नोंद: 'खाऊ, मुलींसाठी, 25 पैसे.' 'खाऊ, 15 पैसे.' 'खाऊ (धाकटी रडत होती), 10 पैसे.' हा शब्द मी आमच्या यादीत घातलाच नव्हता. नातीनं लगेच मोबाइल घेतला आणि बेचाळिसावा नंबर टाकला.

ती पानं उलटत गेली. माघातल्या एका पानावर तिचं बोट थांबलं. तारीख त्या सभेचीच. अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'मांडे, 4.' पुढे रक्कम नाही. मी सगळ्या वह्या चाळून बघितल्या, रक्कम लिहायची राहिली आहे अशी ही एकच नोंद.

म्हणजे त्या दिवशी घरात मांडे आले होते. लग्न नाही, कार्य नाही, आणि मांडे! मी पुष्कळ आठवून बघितलं. भाकरी आठवते, आईचं बोलणं आठवतं, अण्णांचा ठसका आठवतो, मांडे आठवत नाहीत. शेवटी बडोद्याला फोन लावला. धाकटी म्हणाली, "मला आठवतंय की. दिवस मावळायला आला होता, आणि तू रुसून बसली होतीस कशावरून तरी. तुझा मीच खाल्ला."